कळ देणं

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी जाऊबाईंचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येऊ लागलं. आम्ही दोघी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना त्या मध्येच मांड्या आवळून थांबत. "मेलं पुन्हा उतरलं," म्हणत. आडवं पडलं की आत जाई. त्यांचा नवरा, आमचे थोरले भावजी, सगळ्यांसमोर म्हणायचे, "काम दिसलं की हिचं अंग बाहेर, अंथरूण दिसलं की आत!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोनोग्राफीत उतरलेलं दिसलं तर ऑपरेशनला नाव लावते, उचलायचं कामही बंद करायला सांगते. जाऊबाईंना तेवढंच हवं होतं.

त्या पाय दुमडून निजल्या. मी उशाशी. सोनोग्राफीवाल्या बाईंनी यंत्र खालून टेकवलं. पडद्यावर नुसता राखाडी धूर.

"आता कळ द्या, मावशी. बाळंतपणात देतात तशी."

जाऊबाईंनी दात आवळले. कपाळाची शीर फुगली.

"आणखी जोरात!"

माझी बोटं त्यांच्या मुठीत चेचली.

"काहीच उतरत नाही. उठा, पुसून घ्या."

जिन्यात मी विचारलं, "जाऊबाई, कळ दिलीत ना?"

"दिली कसली? काढली. सगळं आवळून धरलं."

"अहो, पण का?"

"मूत सुटलं असतं त्या चादरीवर. उद्या आपल्याच हौदात आली असती. आपल्या बायका चादर हुंगून माणूस ओळखतात, ठाऊक आहे ना?"

मी एकटीच वर जाऊन सोनोग्राफीवाल्या बाईंना सांगितलं. त्या बाई चांगल्या होत्या. "उद्या आणा. खाली रबर घालते. भिजलं तर भिजलं."

घरी भावजी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. नाटक संपलं." सकाळी जाऊबाई उठल्या त्या थेट धुलाईघरात. मी हात धरला, रागावले, रडलेसुद्धा. "एकदा उघडी निजले. पुरे झालं, धाकटे," एवढंच म्हणाल्या.

पुढे लघवी तुंबायला लागली. बोटानं अंग आत ढकललं तरच होई. हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. तोंड सुजलं तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आता भावजी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असत.

थोरल्या जाऊबाई पुढच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी वारल्या.