तेहेतीस ते अठ्ठेचाळीस

मित्रांनो, मी हाडाची एक जुनी पट्टी. दिसायला जेमतेम वीतभर, पण माझ्यासारखी घडी घालून दाखवणारा अजून जन्माला यायचाय. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं तिथल्या कामगार आक्कांच्या हातात राबले.

छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. आक्कांच्या वाट्याला कायम तिसरा. शाळा दुसरीतच सुटलेली, त्या फर्म्यावरच त्या वाचायला शिकल्या. एका लेखिकाबाईंवर त्यांचा फार जीव. बाईंच्या प्रत्येक पुस्तकातली तेहेतीस ते अठ्ठेचाळीस पानं त्यांना तोंडपाठ. मागचंपुढचं वाचायला घरातल्या सात माणसांनी सवड कधी दिली?

पुढे घडीचं यंत्र आलं. आक्का पुठ्ठे चिकटवायला गेल्या आणि मी खणात धूळ खात पडले.

मग लेखिकाबाईंचा निरोप आला : "नव्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मंचावर माझ्या शेजारी पुस्तक हातानं बांधणारं माणूस हवं." आक्कांनी मला खणातून ओढलं. पहिल्या प्रतीचा तिसरा फर्मा त्यांनी हातानं घडी घालून केला आणि वाचायचा सराव करायला घरी नेला. दोन ओळी तरी बाईंसमोर वाचायच्याच, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी येऊन बघतात तर प्रत बांधून गेलेली. यंत्राचा फर्मा घातला असेल, असं त्या समजल्या.

आक्का मंचावर चढत असताना कार्यक्रमाचे चिटणीस म्हणाले, "मावशी, पुस्तक द्या, फोटो काढा आणि उतरा. बोलायचं नाही."

"बोलतंय कोण? मी वाचणार आहे."

बाईंनी आधी स्वतः बत्तिसाव्या पानापासून वाचायला घेतलं. ते पान संपलं, त्यांनी उलटलं आणि त्या थांबल्या. पुढे एकोणपन्नासावं.

कारखान्याचे मालक खालून घाईघाईनं म्हणाले, "यंत्राची चूक असेल, बाई."

त्या यंत्रावर आम्हा दोघींचा राग. आक्का गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या उठल्या.

"यंत्राला कशाला बोल लावता? चूक माझी. ती पानं माझ्या पिशवीत आहेत."

"घरी का नेलीत?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासमोर अडखळू नये म्हणून."

बाईंनी माइक त्यांच्यापुढे सरकवला. "मग वाचा. मी ऐकते."

आक्कांनी पिशवीतून पानं काढली आणि मला ओळीखाली धरलं. मी ओळ सोडली नाही. तिसऱ्याच ओळीत एक लांबलचक शब्द अडला. चिटणीसांनी तो हळूच सांगितला.

"गप्प बसा हो. मला येतंय."

बाई मान खाली घालून थांबल्या. आक्कांनी शब्द तोडून तोडून, घामाघूम होत, पुरा केला. मग सोळाच्या सोळा पानं वाचूनच त्या खाली बसल्या.

मित्रांनो, कुणी वाचताना अडलं तर शब्द पुरवायची घाई करू नका. बाई थांबल्या होत्या, तुम्हालाही जमेल.