बुधवारच्या कंपनीचा चमत्कार

के. आर. पुरमच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चमत्कार पाहायला सहा परदेशी पाहुणे, माझी आई आणि मी चपला काढून बसलो होतो. समोर चटईवर पंचवीस बायका, पाच-पाचच्या रांगांत. त्यांनी एका सुरात कन्नडमध्ये शपथ म्हटली आणि एकेकीने हप्त्याच्या नोटा पुढे ठेवल्या. पंचवीसच्या पंचवीस पूर्ण.

ना तारण, ना जामीन, तरी परतफेड शंभर टक्के, असं यशोवर्धनने इंग्रजीत जाहीर केलं. टाळ्या पडल्या. एका पाहुणीने डोळे पुसले. पुण्याहून आलेल्या यशोवर्धनची कंपनी परदेशातून पैसा उभा करून या बायकांना कर्ज देते. त्याच्या प्रवचनात एकाच वाक्यात गरिबी हटते, बाई सबला होते आणि गुंतवणूकदाराला चौदा टक्के मिळतात. बुवांसारखं कपाळाला भस्म नव्हतं, गळ्यात माळेच्या जागी ओळखपत्र होतं.

बाबांच्या तेराव्याला तो जुन्या ओळखीने आमच्या राजाजीनगरच्या घरी आला होता. काकांची आयुष्यभराची कमाई बँकेत झोपून आहे, ती पुण्यकर्माला, माझ्या कंपनीत लावा, असं आईला म्हणाला. बाबांनी सदतीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं तपासली. त्यांचा फंड हाच आता आईचा आधार. पण हल्ली कोणी त्यांचं नाव घेऊन काही मागितलं की ती मान डोलावते. सही केलेला चेक तिच्या पिशवीत होता.

पाहुणे फोटो काढत होते, तेव्हा मी शेवटच्या रांगेतल्या केंपम्माशी कन्नडमध्ये बोलू लागले. ती फुलं विकते. धंदा कसा आहे, विचारलं.

"स्वल्प," ती म्हणाली.

"मग हा हप्ता कुठून आणला, अक्का?"

"सोमवारच्या कंपनीकडून."

कंपन्यांची नावं कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. वसुलीचा वार हेच नाव. बुधवारचा हप्ता सोमवारच्या कर्जातून, सोमवारचा शुक्रवारच्या. आणि शुक्रवारचा? त्यासाठी हे बुधवारवालेच आता मोठं कर्ज देणार होते. शेजारणीकडे आज पैसे नव्हते, म्हणून रांगेतल्या चौघींनी तिचे भरले. सगळ्यांचे भरल्याशिवाय एकीलाही उठू देत नाहीत, आणि तोवर फुलं कोमेजतात.

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने यशोवर्धनला बोलावलं.

"या बायका आणखी कोणाकोणाचं देणं लागतात, ते तू बघतोस का?"

"काकू, तो वेगळा डेटा आहे. आमच्या पुस्तकात थकबाकी शून्य. थोडा विश्वास ठेवा ना."

"बुवासुद्धा हेच म्हणतो," आई म्हणाली. "तो निदान अर्धा नारळ परत देतो."

तिने चेक काढून फाडला. संयुक्त खात्याचा होता. बाबांचं नाव छापलेले तुकडे तिने पुन्हा पिशवीतच ठेवले.

डोळे पुसणाऱ्या पाहुणीने आई काय म्हणाली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने गुंतवणुकीच्या करारावर सही केली नाही. उरलेल्या पाचांनी केंपम्माला मधे घेऊन फोटो काढला आणि सह्या केल्या.

हातचलाखी एवढीच: नोट तीच फिरते, प्रत्येक कंपनी फक्त आपल्या चटईवरची मोजते. बायका प्रामाणिक आहेत, म्हणून तर खेळ चालतो. तेव्हा कोणी शंभर टक्के म्हणालं, की टाळी वाजवण्याआधी शेवटच्या रांगेतल्या बाईला विचारा, आजचे पैसे कुठून आले. तिच्या भाषेत विचारा. ती सांगते, आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.