हिरव्या जॅकेटातले दोघे

डॉमनिक डाबरे नालबंद होता. वसईतून निघून अठरा वर्षं त्याने महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांना नाला ठोकल्या आणि मग ओमानमध्ये बरक्याला नासिर अर्बाबच्या तबेल्यात नोकरी धरली. अर्बाब म्हणजे तिकडे मालक. रेसकोर्सवर काम केलं म्हणजे या माणसाला शर्यतीतलं सगळं कळत असणार, अशी अर्बाबची पक्की समजूत होती. डॉमनिकने ती कधी मोडली नाही. खरं तर शर्यत सुरू व्हायची तेव्हा तो बहुतेक वेळा पुढच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला असायचा.

दोन हजार चौदाच्या नाताळच्या आदल्या दिवशी अर्बाबने त्याला मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, बोलावलं.

"दोमनिक, शुक्रवारी इंग्लंडमध्ये उड्यांच्या रेस आहेत. सहा. खलफान येणार आहे. प्रत्येकाने आधी कागदावर नावं लिहायची, कोण जिंकणार ते. माझी तू लिहून दे." अर्बाब बलुची होता, हिंदी अस्खलित बोलायचा. "पैसा नाही लावायचा, ते हराम. पण मागच्या वेळी मी हरलो आणि खलफानने वर्षभर बोलून बोलून माझा जीव नकोसा केला."

खलफान म्हणजे अर्बाबच्या बायकोचा, सुरैयाबाईंचा भाऊ.

डॉमनिकला नाही म्हणता आलं नाही. शिवाय तिसऱ्या शर्यतीत बातिना बॉय धावणार होता.

बातिना बॉय याच तबेल्यात जन्मलेला. त्याची पहिली नाल डॉमनिकने ठोकली होती. घोडा तीन वर्षांचा असताना अर्बाबचा मुलगा यूनुस त्याला सपाट, बिनउड्यांच्या शर्यतींसाठी इंग्लंडला घेऊन गेला, आणि पुढे बापाला न विचारता त्याला उड्यांच्या शर्यतीत घातलं. एका इंग्रज व्यापाऱ्याला अर्धी भागीदारीही दिली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं सुरैयाबाईंच्या मार्फत चालायचं.

नाताळच्या दिवशी दुपारी माबेल्याच्या आपल्या घरात डॉमनिक मुलीला घेऊन बसला. इलेन नववीत होती. बायको डोरोथी दवाखान्यातल्या ड्युटीवरून येऊन आत झोपली होती. टेबलावर तळलेल्या गोड कुलकुलांची ताटली आणि इलेनने प्रिंट काढून आणलेले सहा कागद.

"वाच," डॉमनिक म्हणाला. "नावापुढे काय लिहिलंय?"

"टू, एफ, वन, पी, डॅश, यू."

"एफ म्हणजे फर्स्ट असणार."

"पण पप्पा, फर्स्टला तर वन लिहिलंय ना."

डॉमनिक थांबला. महालक्ष्मीला नुसते आकडे असायचे. "मग पी?"

"पास?" इलेन म्हणाली. तिलाही खात्री नव्हती. तिने लॅपटॉपवर शोधलं आणि वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले. "एफ इज फॉलन. म्हणजे तो पडला. यू म्हणजे, ते, जॉकी पडला. पी म्हणजे जॉकीने घोडा मध्येच थांबवला."

"म्हणजे पडलेल्या घोड्याला परत पळवतात?"

"लिहिलंय तरी तसंच."

पुढे वजनं आली. अकरा-दहा, अकरा-चार, दहा-बारा. स्टोन आणि पाउंड. डॉमनिकला वाटलं इलेन काहीतरी चुकीचं वाचतेय. तिने हिशोब करून दाखवला, अकरा-दहा म्हणजे चौऱ्याहत्तर किलो. महालक्ष्मीला पंचावन्न-साठ किलो पाठीवर घेऊन घोडे जेमतेम दोन मिनिटं पळायचे. इथे चौऱ्याहत्तर किलो, तीन मैल, अठरा उड्या, आणि जमीन कशी, तर मऊ, काही ठिकाणी चिखल.

"पप्पा, हे बरोबर आहे का?" इलेनने विचारलं.

"मला काय माहीत. लिही तू."

घोड्याचे पाय दिसत असते तर त्याने काहीतरी सांगितलं असतं. कागदावर पाय नव्हते. शेवटी त्याने स्वतःचे नियम केले. गेल्या तीन शर्यतींत पडलेला किंवा थांबवलेला घोडा बाद. चिखलात कधी पळलेला नाही तो बाद. उरलेल्यांत ज्याच्यावर कमी वजन तो घ्यायचा. पहिल्या दोन शर्यतींना नियम लागू पडले. तिसऱ्या शर्यतीत बातिना बॉयच्या नावापुढे चार, तीन, पी असं होतं. मागच्याच वेळी त्याला थांबवलं होतं.

"हा तर आपला घोडा," इलेन म्हणाली. "बाद?"

डॉमनिकने पेन्सिल खाली ठेवली. बातिना बॉयचा पुढचा डावा पाय त्याच्या हाताला अजून आठवत होता. खुराचा तळ पातळ, आणि चालताना पाय बाहेर फेकायचा. असा पाय अठरा वेळा उंचावरून चिखलात पडणार. त्याने बराच वेळ विचार केला आणि शेवटी 'टिन व्हिसल' या दुसऱ्याच घोड्याच्या नावावर खूण केली. मग खोडली. मग परत केली.

शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपल्यावर मजलिसमध्ये तिघेच होते. खलफान तक्क्याला टेकून बसला होता. यूनुसने लॅपटॉपवर दिसेल अशी सोय सांगितली होती, तो लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला होता. चित्र अधूनमधून अडकायचं.

अर्बाबने कागद वाचला आणि तिसऱ्या ओळीवर थांबला.

"बातिना बॉय नाही?"

"नाही, अर्बाब."

"का? सच बोलो."

"पुढचा डावा खूर पातळ आहे. मला नाही वाटत तो तीन मैल काढेल."

खलफान हसला. "मी तर त्याचंच नाव लिहिलंय. भाच्याचा घोडा आहे."

अर्बाबने कागदाची घडी घातली. "जे खरं वाटतं ते लिहिलंस. राहू दे." पण त्याने डॉमनिककडे बघितलं नाही, आणि आपण खरं बोललो की हलकटपणा केला हे डॉमनिकला कळेना.

पहिली शर्यत डॉमनिकच्या नियमांना धरून झाली नाही. नियमाने बाद केलेला, तीनदा पडलेला घोडाच जिंकला. दुसऱ्या शर्यतीत त्याने निवडलेला घोडा पहिल्याच उडीला जॉकीला टाकून मोकळा पळत राहिला आणि सगळ्यांत आधी परत आला. डॉमनिक टाळ्या वाजवायला उठला, तर खलफानने त्याला खाली बसवलं.

"जॉकी कुठे आहे?"

"तो पडला, पण घोडा तर..."

"जॉकीशिवाय मोजत नाहीत, दोमनिक. महालक्ष्मीला मोजायचे?"

संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली. दोघे परत येईपर्यंत तिसऱ्या शर्यतीचे घोडे सुटायच्या बेतात होते. यूनुसने आईला कळवलं होतं, आपला घोडा हिरव्या जॅकेटात, बाह्या पिवळ्या. सुरैयाबाईही आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

घोडे सुटले. हिरवं जॅकेट पहिल्या तिघांत होतं. पहिली उडी, दुसरी, तिसरी. प्रत्येक उडीला अर्बाबचा हात स्वतःच्या गुडघ्यावर आपटत होता. कॉमेंटेटर इतक्या वेगात बोलत होता की खलफानलाही, ज्याचं इंग्रजी चांगलं होतं, नावं पकडता येईनात. अर्ध्यावर हिरवं जॅकेट सगळ्यांच्या पुढे आलं. खलफान ओरडायला लागला. "यल्ला! यल्ला!" सुरैयाबाई तोंडावर ओढणी धरून काहीतरी पुटपुटत होत्या.

तेवढ्यात डॉमनिकला मागच्या घोळक्यात आणखी एक हिरवं जॅकेट दिसलं.

"अर्बाब, दोन आहेत."

"काय दोन?"

"हिरवे. मागे पण एक आहे."

"चिखल उडालाय. काहीही दिसतं तुला."

डॉमनिकने खिशातून प्रिंट काढली. जॅकेटांची छोटी चित्रं होती, पण प्रिंट काळी-पांढरी. सगळी जॅकेटं करडीच. तो ती चित्रं डोळ्यांजवळ नेऊन बघत असताना मजलिसमध्ये एकदम कोणीतरी किंचाळलं. त्याने मान वर केली. शेवटून दुसऱ्या उडीला पुढचं हिरवं जॅकेट पडलं होतं. घोडा मानेवर आपटून उलटला आणि आडवाच राहिला.

चित्र तिथेच अडकलं.

अर्बाब उठला आणि चपला न घालता बाहेर ओसरीत गेला. सुरैयाबाई आत रडायला लागल्या. खलफान रिमोट घेऊन उगाचच बटणं दाबत राहिला. डॉमनिक उभाच होता. घोड्याने उडी मारली तेव्हा कुठला पाय आधी टेकला हे त्याला आठवायचं होतं, पण तो नेमका कागदात बघत होता.

दोनेक मिनिटांनी चित्र हललं. शर्यत संपली होती. घोडे धापा टाकत चालत परत येत होते, सगळे चिखलाने माखलेले. कॅमेरा एका घोड्यावर आला. जॉकीचं जॅकेट चिखलाखाली हिरवं होतं, बाह्या पिवळ्या. घोडा चालत होता आणि त्याचा पुढचा डावा पाय प्रत्येक पावलाला बाहेर फेकला जात होता.

"तोच!" डॉमनिक ओरडला. मराठीतच ओरडला. "अहो, तोच आहे तो!"

तो अनवाणी ओसरीत धावला. अर्बाब अंधारात भिंतीला हात लावून उभा होता.

"अर्बाब, अपना घोडा खडा है. चल रहा है."

"गिरा ना, दोमनिक. मैंने देखा."

"वो दूसरा था. अपना पीछेवाला था. मैंने पैर देखा."

"तो जीता?"

"मालूम नहीं."

"पीछे से आया, तो जीता होगा?"

"मालूम नहीं, अर्बाब. लेकिन खडा है."

दोघे आत आले तेव्हा सुरैयाबाईंचा फोन वाजत होता. यूनुसच होता. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, पण अर्बाबने हात पुढे करून फोन मागितला. कित्येक महिन्यांत हे झालं नव्हतं. त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग फोन दिला.

बापलेक बलुचीत बोलत होते. डॉमनिकला शब्द कळत नव्हते. अर्बाब आधी रागावला, मग गप्प झाला, मग त्याने तीन-चारदा तोच प्रश्न विचारला असावा. खलफान हळू आवाजात डॉमनिकला हिंदीत सांगत होता. पडलेला घोडा त्याच इंग्रज भागीदाराचा दुसरा घोडा होता, म्हणून जॅकेटं सारखीच. फक्त टोप्या वेगळ्या, एक पांढरी, एक लाल. तो घोडा उठला, लागलं नाही. बातिना बॉय शेवटच्या उडीनंतर जोरात आला आणि घोड्याच्या अर्ध्या लांबीने मागे राहून दुसरा आला.

"आणि पहिला कोण?" डॉमनिकने विचारलं.

खलफानने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "टिन व्हिसल."

डॉमनिक खाली बसला. दिवसभरात त्याचा हा एकच घोडा बरोबर आला होता, आणि त्याने हरवलं होतं बातिना बॉयला. बातिना बॉय जिंकावा असं त्याला वाटत होतं की नाही, हे आता तो कोणालाच सांगू शकला नसता. खूर पातळ आहे हे सात वर्षं तो सांगत आला होता. त्या खुरावर घोडा तीन मैल पळून आपल्या पायाने चालत आला होता. म्हणजे खूर सुधारला, की आधीपासूनच आपण चुकत होतो?

टीव्हीवर चौथी शर्यत सुरू होऊन संपली. कोणी बघितली नाही. पाचवी सुरू झाली तरी अर्बाब फोनवरच होता आणि आता मधूनमधून हसत होता. सुरैयाबाईंनी हलवा आणि कहवा आणला.

"ही कोणी जिंकली?" खलफानने विचारलं.

"मी नाही बघितलं," डॉमनिक म्हणाला.

"मी पण नाही." खलफानने आपला कागद उचलला, एकदा वाचला आणि त्याच्यावर कप ठेवला.

अर्बाबने फोन बायकोला परत दिला आणि डॉमनिकच्या समोर येऊन बसला.

"तू बरोबर लिहिलंस."

"चुकून, अर्बाब."

"तो पडला असता तरी तू बरोबर असतास?"

"मालूम नहीं."

"यूनुस म्हणतो, तीन आठवड्यांनी परत पळेल. मी म्हणालो, पळव." अर्बाबने हलव्याची ताटली त्याच्याकडे सरकवली. "मी उन्हाळ्यात जाणार आहे तिकडे. इन्शाल्ला. म्हाताऱ्या डोळ्यांनी एकदा बघून घेतो, मुलालाही आणि घोड्यालाही."

"चांगलं झालं, अर्बाब."

"हां. पण तुझ्या मुलीला सांग, पुढच्या वेळी कागद रंगीत काढ."

डॉमनिकला हसावं की माफी मागावी कळेना. त्याने हलवा तोंडात टाकला. टीव्हीवर सहाव्या शर्यतीचे घोडे गोल फिरत होते, आणि त्यांतल्या कुठल्यावर आपण खूण केली होती हे त्याला अजिबात आठवत नव्हतं.