चौथ्या पानावरचा रस्ता

ईश्वरीच्या मनात पाल चुकचुकली ती त्या पिवळ्या पाकिटामुळे.

दुपारी वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली, तेव्हा खाली फाटकाशी घरमालक गुरुराव आणि दलाल किरणकुमार उभे होते. कन्नडमध्ये हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि तेवढ्यात एक पाकीट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. कुणाकडून कुणाकडे, ते जास्वंदीच्या आडून नीट दिसलं नाही. पण संशयाला तेवढंही पुरतं. दलालाच्या हातून कुणाला काय फुकट मिळतं?

उद्या अकरा वाजता रजिस्ट्रेशन होतं. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतलं नवंकोरं घर, त्यासाठी सासऱ्यांनी सांगलीचा फ्लॅट विकून पैसे पाठवलेले. कर्ज काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे बँकेचा वकील कागद तपासायला नव्हता. स्वतःचा वकील करावा, असं ईश्वरी म्हणाली होती, तर नवऱ्यानं, विक्रांतनं, तिला उडवून लावलं. "खाली काका असताना वकील कशाला? आपला मराठी माणूस आहे." पाच लाख विसार देऊन झाला होता. बाकीची रक्कम उद्या जायची होती.

काका म्हणजे गुरुराव. त्यांच्या सरस्वतीपुरमच्या घरात वरच्या मजल्यावर हे दोघं तीन वर्षं भाड्यानं राहत होते. गुरुरावांचे पूर्वज रंगारी, कैक पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठीच, पण तिच्यात निम्मी कन्नड. पहिल्याच दिवशी ईश्वरीला हसू आवरलं नव्हतं. "काका, तुम्हाला मराठी वाचता तरी येतं का हो?" ते ओशाळले होते. "मराठी नाही अम्मा. कन्नड आणा, कसलं पण आणा. कचेरीत तीस वर्षं तेच की केलो."

म्हणून खरेदीखताचा कन्नड मसुदा त्यांच्याकडे गेला. दोन दिवस ठेवून त्यांनी तो परत दिला आणि म्हणाले, "सगळं सरी आहे." एवढंच. सरी म्हणजे ठीक. ना एक शंका, ना एक प्रश्न. कागदाचा विषय निघाला की त्यांची बायको भानुमती कॉफी टाकायच्या निमित्तानं आत पळायची. तेव्हा ईश्वरीला यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र एकेक गोष्ट आठवून तिला वाटू लागलं, नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. तिनं मोबाईलमध्ये फोटो काढून भाषांतर करून पाहिलं होतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स ती. मोबाईलनं तिला 'दक्षिणेकडील मुलाचे नारळ' असं काहीतरी सांगितलं.

ती कागद घेऊन तरातरा खाली उतरली.

"काका, किरणकुमारनं तुम्हाला किती दिले?"

गुरुराव आरामखुर्चीत होते. त्यांना आधी कळलंच नाही. "काय दिला?"

"पाकीट. मी वरून बघितलंय."

"ते? ते मीच की दिलो त्याला. आधार कार्ड आणि दोन फोटो. उद्या साक्षी म्हणून सही घालायला. विक्रांत सांगितला होता, अल्ला? नाही का?"

दुसरी कुणी असती तर इथंच वरमली असती. ईश्वरी वरमली नाही. तिनं लांबी-रुंदीच्या आकड्यांचं चौथं पान त्यांच्यासमोर धरलं. "मग हे वाचा. आत्ता, माझ्यासमोर."

गुरुरावांनी कागद घेतला, नाकाजवळ नेला, खिडकीकडे वळवला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. दारात उभ्या भानुमतीला राहवलं नाही. "सांगून टाका की. किती दिवस लपवणार?"

"बारीक अक्षर दिसत नाही अम्मा," गुरुराव म्हणाले. "वर्ष झालं. मोठं दिसतं, बारीक सगळं धूर. ऑपरेशनला भ्यालो. वरचा शिक्का दिसला, तेवढ्यावर सरी म्हणलो."

"पण का? नाही दिसत म्हणायला काय झालं होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "मराठी येत नाही म्हणून तुम्ही हसला होता. कन्नड पण गेलं म्हणून कसं सांगू?"

ईश्वरीला संताप आला, आणि संतापाच्या पोटातच लाज वाटली.

भानुमतीनंच वाट काढली. जुनं कॅलेंडर उलटं करून टेबलावर पसरलं आणि जाड पेन ईश्वरीच्या हातात दिलं. मग ईश्वरी एकेक अक्षर मोठं करून काढू लागली. अर्थ कळत नव्हता, रांगोळीची नक्षी उतरवावी तशी ती वळणं उतरवत होती. गुरुराव एकेक शब्द लावून सांगत होते. साइटचा नंबर, म्हणजे प्लॉटचा. लांबी, रुंदी. कॅलेंडरचे चार महिने भरले. मग चतुःसीमा आल्या.

"पूर्वक्के रस्ते," गुरुरावांनी वाचलं. "पूर्वेला रस्ता. पश्चिमेला दुसऱ्याची साइट."

ईश्वरीचं पेन थांबलं.

"पुन्हा वाचा, काका."

त्यांनी पुन्हा वाचलं. तेच होतं.

घर बघायला ती दोनदा गेली होती, दोन्ही वेळा विक्रांतच्या ऑफिसनंतर, संध्याकाळी. उंबऱ्यात उभी राहिली तर समोर रस्ता, आणि मावळतीचं ऊन थेट तोंडावर. पडदे विटतील, असंही ती म्हणाली होती. म्हणजे त्या घराला रस्ता पश्चिमेला होता. पूर्वेला, घराच्या मागे, गवत माजलेला रिकामा प्लॉट होता आणि त्याच्या पलीकडे दुसरा रस्ता. तो प्लॉट सरगूरच्या कुणाचा तरी आहे, तो माणूस इकडे फिरकत नाही, असं किरणकुमार म्हणाला होता.

उद्या घराचे पैसे मोजून त्यांच्या नावावर ते गवत होणार होतं.

तिनं विक्रांतला फोन लावला. "उद्याची सही थांबव. कागद त्या घराचा नाहीच."

"काय बोलतेस? काकांनी वाचलाय ना?"

गुरुरावांनी हात पुढे केला. "दे अम्मा. ते मी सांगतो." त्यांनी फोन कानाला लावला. "विक्रांत, मी वाचलोच नव्हतो. डोळ्यांना दिसत नाही. तरी सरी म्हणून सांगितलो. चूक माझी."

पलीकडून विक्रांतचा आवाज इतका चढला की भानुमतीलाही ऐकू गेला. पाच लाख, विश्वास, म्हाताऱ्यांनी असा केसानं गळा कापावा का, सगळं आलं त्यात. गुरुराव ऐकत राहिले. फोन त्यांनी कानावरून हलवला नाही.

ईश्वरीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"विक्रांत, पुरे. कागदात रस्ता कुठल्या दिशेला लिहिलाय, हे कुणालाही न विचारता त्या दारात आपण दोनदा उभे होतो. ऊन आपल्याच डोळ्यांवर येत होतं," ती म्हणाली. "आपले डोळे तर शाबूत होते ना?"