केंद्राची मंजुरी

हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडून कितीतरी वर्षं झाली. बंद पडले तर शिव्या मला. चालू असले तर माझा चेहराही कुणाला आठवत नाही. या आठवड्यात मात्र डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत जो तो विचारत होता, "मंजुरी आली का?"

आमच्या मशीनांच्या प्रोग्राममध्ये एक भोक सापडलं होतं. त्यातून चोर शिरले की अख्खं हॉस्पिटल ठप्प. शेजारच्या शहरात तसं झालंही होतं. भोक बुजवणारी दुरुस्ती कंपनीने कधीच पाठवली होती आणि ती लावायला मला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ पुरला असता. पण नव्या कायद्याप्रमाणे सरकारच्या सायबर सुरक्षा केंद्राने तपासल्याशिवाय कुणी काही लावायचं नाही. कायदा वेडगळ नव्हता. पूर्वी जो तो आपल्या मनाचा राजा होता, आणि एका ठिकाणी घाईघाईत लावलेल्या दुरुस्तीने आयसीयूतले मॉनिटरच बंद पडले होते. कायदा झाला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. आता हात चोळत बसलो होतो.

केंद्रात मंजुरीच्या कामावर माझी थोरली बहीण आहे. कामासाठी तिला फोन करायचा नाही, असं आमचं ठरलेलं. पण उद्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. शेवटी केलाच.

"ताई, कधी होणार गं?"

"रांग लागलीय रे. वीज, पाणी, बँका, मग तुम्ही. माणसं पुरत नाहीत. परवापासून मी घरी गेलेली नाही."

"मी लावून टाकू?"

"अजिबात नाही. तू लावलंस की सगळेच लावतील. काही बिघडलं म्हणजे?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांना दुसरीकडे हलव. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात. तिथली मशीनं जुनी आहेत, नेटवर्कला जोडलेलीच नाहीत."

मी इतका थकलो होतो की रागवायलाही जीव उरला नव्हता. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. वॉर्डात जाऊन मी मुकाट्याने बाबांची पिशवी भरायला लागलो.

बाबा उठून बसले. "कुठे निघालो आपण?"

"दुसऱ्या हॉस्पिटलात. इथले कॉम्प्युटर सध्या धोक्याचे आहेत, ताई म्हणते."

पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर घोरत होते. त्यांचंही ऑपरेशन उद्याच होतं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "यांनाही नेताय ना?"

"नाही."

"का रे?"

मी ताईला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. "तिलाच विचारा."

"बाळ, मी निघालो, मग मास्तर का नाही?" बाबा वाट पाहत राहिले. "हॅलो? अगं, हॅलो?" शेवटी फोन परत देत म्हणाले, "लाइन कट झाली वाटतं."

मी फोन कानाला लावला. लाइन चालू होती. ताई हुंदके देऊन रडत होती, आणि बाबा पिशवीतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवत होते.