दूर जाणारं निळं

तपासणाऱ्या बाईंनी धाकटीला डाव्या कुशीवर निजवलं आणि छातीवर जेल लावलं, तशी ती खुदकन हसली.

"मावशी, आत काय दिसतंय?"

"चार खोल्यांचं घर. वरच्या दोघींत रक्त येऊन थांबतं, खालच्या दोघी त्याला पुढे ढकलतात. उजवीकडची फुफ्फुसांत धाडते, डावीकडची अंगभर."

"आणि स्वयंपाकघर?"

"ते पोटात! गप पड बघू, बडबडे."

आई पायथ्याशी उभी होती. जीव नुसता टांगणीला लागलेला. थोरलीच्या हृदयात अशाच दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक होतं. ओठ निळे पडत पडत ती गेली, धाकटी जन्मायच्या आधीच. घरात पुन्हा कुणी तिचा विषय काढला नाही. धाकटीला तर बहीण होती हेही ठाऊक नव्हतं. आणि परवा खेळून आलेली धाकटी दारातच धापा टाकत बसली.

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर लाल उमटलं. पाठोपाठ निळं, गडद.

आईने पलंगाची कड घट्ट धरली. "ताई, एवढं निळं? म्हणजे हिलाही..."

"अहो, काहीतरीच काय! हे यंत्राचे रंग. आपल्याकडे येणारं रक्त ते लाल दाखवतं, दूर जाणारं निळं. भिंत अगदी शाबूत आहे. झडपाही छान मिटतायत. एकदा पुढे गेलेलं त्या मागे येऊ देत नाहीत, सगळं अंग फिरूनच यावं लागतं त्याला."

आईच्या जिवात जीव आला. देवाचं नाव घेऊन तिने डोळे पुसले.

"आई, तिला सांग ना, हात काढ. गार लागतोय."

"मी कुठं हात लावलाय गं?" बाई हसल्या.

"तुम्ही नाही हो. ही, माझ्या पाठीमागची."

पाठीमागे भिंत होती. पलंग तिला टेकलेलाच होता.

कुणी नाही तिथे, असं म्हणायला आईने तोंड उघडलं, पण तिच्याच्याने ते म्हणवेना.

"राहू दे तिला," ती हलकेच म्हणाली. मग बाईंकडे वळली. "ताई, झालं असलं तरी बंद करू नका एवढ्यात. ते निळं तेवढं अजून जरा बघू द्या."

पडद्यावर निळं उमटत होतं, विझत होतं. धाकटी भिंतीपासून थोडी अलीकडे सरकली, शेजारी कुणी निजायला आलं की सरकावं तशी.