शेचाळीस सालाआधीचा ढीग

गुडब्रांडला आपली झोपडी वाचवायची होती आणि त्यासाठी त्याने मला तिथे सोबत नेलं. मलाच का, ते अजून कळलेलं नाही. मी खाणीच्या शाळेत पुस्तकं सांभाळली; परक्या माणसासमोर मला धड बोलता येत नाही.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या त्या खाडीतली कोळशाची खाण कधीच बंद पडली. मागे राहिला तो टाकाऊ दगडांचा ढीग. त्याच्या पायथ्याशी झोपडी. ढिगातून झिरपणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचीच गुडब्रांड दर उन्हाळ्यात कॉफी करायचा. गेल्या वर्षी तपासणीत त्या पाण्यात किरणोत्सारी द्रव्यं सापडली.

सरकारी कचेरीतली राग्नफ्रिड दारात बूट काढून आत आली. कॉफी मात्र नको म्हणाली.

"गुडब्रांड, इथे राहणं बरं नाही. झोपडी पाडावी लागेल."

"ढीग हलव ना, पोरी. किरणं तो सोडतो, मी नाही."

"ढीग शेचाळीस सालाआधीचा आहे. त्याआधीचं सगळं कायद्याने वारसा. त्यातला खिळासुद्धा हलवता येत नाही. झोपडी पासष्टची."

"आणि झोपडीच्या फळ्या? त्याच काळातल्या कामगारांच्या बराकीच्या आहेत. ढिगावर पडल्या होत्या, मी उचलून आणल्या."

"खरं का?" तिने मला विचारलं.

बराकीचे फोटो मी पाहिले होते. एवढी खात्री मला क्वचितच कशाची असते. "खरं आहे," मी म्हणालो.

तिने भिंतीवरून हात फिरवला. "मग या संरक्षित आहेत."

"झालं तर. बस, आता कॉफी घे."

"फळ्या संरक्षित आहेत, झोपडी नाही. जिथून उचलल्या तिथे परत ठेवाव्या लागतील."

गुडब्रांडने स्वतःचाच कप भरला. "मी एकोणचाळीसचा. मलाही ठेव ढिगावर."

"कायदा वस्तूंसाठी आहे."

"साठ वर्षं हे पाणी प्यालो. मला कुणी तपासलं?"

"आम्ही माती, शेवाळ आणि पाणी तपासतो," ती म्हणाली. तिला वाईट वाटत असावं. मला माणसं नीट कळत नाहीत.

ऑगस्टमध्ये झोपडी पाडायला कामगार आले. त्यांच्या तोंडाला मास्क, हातात जाड हातमोजे. कोणती फळी कुठे पडली होती हे एकट्या गुडब्रांडलाच ठाऊक होतं, म्हणून त्याला ढिगापाशी उभं केलं. त्याच्या जागी मी असतो तर खोटं सांगितलं असतं, किंवा तेही जमलं नसतं.

"थोडी डावीकडे," तो सांगत होता. "अजून. हां, तिथेच."